ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या जुन्या गाडीला एसी बसवताना: उभ्या गाडीचा हिशेब आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९६० च्या दशकातील एक गाडी आहे. कार्ब्युरेटरवर चालणारे इंजिन, तीन गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि कारखान्यातून आलेली असताना तिला एसी नव्हता. मालकाला आता तो बसवायचा आहे. एका मेकॅनिकने सांगितले की ऑटोमॅटिक गाडीला एसी झेपत नाही, दुसऱ्याने सांगितले की तयार संच आणून बसवला की काम झाले. यांपैकी खरे काय, गिअरबॉक्सला अपाय होईल का, आणि काम कोणत्या क्रमाने करावे, असे विचारले आहे.

दोघांचेही म्हणणे अपुरे आहे. अशा गाड्यांना कारखान्यांनीच हजारोंच्या संख्येने एसी बसवून विकले आहेत, त्यामुळे झेपत नाही हे विधान टिकत नाही. मात्र त्या कारखान्यांनी एसीबरोबर मोठा रेडिएटर, अधिक पात्यांचा पंखा, पंख्याभोवतीचे आवरण, वेगळ्या पुल्या, मोठा जनरेटर किंवा अल्टरनेटर आणि कार्ब्युरेटरवरची वेगळी जोडणीही दिली होती, आणि बाजारातल्या संचात यांपैकी बहुतेक गोष्टी नसतात. रस्त्यावर वेगात चालणारी गाडी एसी सहज सोसते. खरी परीक्षा होते ती गाडी सिग्नलला उभी असताना, गिअर ड्राइव्हमध्ये असताना आणि चालकाचा पाय ब्रेकवर असताना. त्या एका अवस्थेसाठी गाडी आधी तयार करावी आणि मग एसीकडे वळावे, असा माझा आग्रह आहे. पुढचे सर्व विवेचन त्याच दृष्टीने केले आहे.

उभ्या गाडीत काय घडते ते आकड्यांनी पाहू. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना ऑइलच्या माध्यमातून जोडणारा भाग. त्याच्या एका बाजूचे चक्र इंजिनाबरोबर फिरत असते आणि गाडी थांबलेली असल्यामुळे दुसऱ्या बाजूचे चक्र रोखलेले असते. या अवस्थेत कन्व्हर्टर इंजिनाकडून जे पिळबल मागतो ते फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. समजा, एखादा कन्व्हर्टर १८०० आरपीएमला ३०० न्यूटन-मीटर घेतो. तर ६५० आरपीएमला तो सुमारे ३९ न्यूटन-मीटर घेईल, आणि त्याची शक्ती होते साधारण २.७ किलोवॅट. चाके फिरत नसल्यामुळे यातून काम काहीच होत नाही, म्हणजे ही सगळी शक्ती उष्णता होऊन ट्रान्समिशन ऑइलमध्ये उतरते. ते ऑइल थंड होण्यासाठी जाते कुठे, तर बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या खालच्या किंवा बाजूच्या टाकीत बसवलेल्या कूलरमध्ये. आता एसी लावला की कॉम्प्रेसर आयडलिंगला एक-दीड किलोवॅट मागतो, आणि कंडेन्सर केबिनमधून काढलेली उष्णता अधिक कॉम्प्रेसरचे काम मिळून तीन ते चार किलोवॅट उष्णता रेडिएटरच्या अगदी पुढे सोडतो. शिवाय हा वाढीव भार ओढण्यासाठी इंजिन जे जास्तीचे पेट्रोल जाळते त्याचीही उष्णता पाण्यात येते, आणि ती या वाढीव कामाहून कमी नसते. एवढे सर्व तेव्हा, जेव्हा समोरून वाऱ्याचा झोत नाही आणि पंखा सर्वांत कमी वेगाने फिरतो आहे.

यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे, कारण या गोष्टी एकमेकींना ढकलत जातात. कंडेन्सरवरून हवा कमी गेली की आतला वायू द्रवरूप होण्याचे तापमान चढते. एसीत भरला जाणारा आर-१३४ए हा वायू ६० अंश सेल्सिअसला द्रवरूप होत असेल तर दाबमापकावर साधारण १६ बार दिसतात. तेच तापमान ७० अंशांवर गेले की दाब २० बारच्या आसपास जातो. दाब वाढला की कॉम्प्रेसर फिरवणे जड होते, जड झाले की इंजिनाच्या फेऱ्या पडतात, फेऱ्या पडल्या की इंजिनावर चालणारा पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही मंदावतात, आणि कंडेन्सरवरची हवा आणखी कमी होते. साध्या गिअरच्या गाडीत चालक सिग्नलला गिअर न्यूट्रलला टाकतो आणि इंजिनावर फक्त कॉम्प्रेसरचा भार उरतो. ऑटोमॅटिक गाडीत चालक ड्राइव्हमध्येच ब्रेक दाबून बसतो आणि कन्व्हर्टरचा भार कायम राहतो. फरक एवढाच आहे, पण इंजिन बंद पडणे, पाणी उकळणे आणि ट्रान्समिशन ऑइल करपणे या तिन्ही तक्रारींचे मूळ त्यातच सापडते.

म्हणून संच मागवण्यापूर्वी गाडी आज कशी आहे हे मोजावे. उष्ण दिवशी इंजिन पूर्ण तापल्यावर गाडी सुरक्षित जागी उभी करून, हँडब्रेक लावून, चाकांना अडसर देऊन आणि ब्रेकवर पाय ठेवून गिअर ड्राइव्हमध्ये टाकावा, आणि पंधरा-वीस मिनिटे पाण्याचे तापमान, आयडलिंगच्या फेऱ्या, मॅनिफोल्डमधील (इंजिनाकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांतील) निर्वात म्हणजे व्हॅक्यूम, आणि ट्रान्समिशन ऑइलचे तापमान लिहून ठेवावे. या वेळी गाडीच्या पुढे कोणीही उभे राहू नये. या चाचणीत पाण्याचे तापमान एका जागी स्थिर न राहता हळूहळू चढतच असेल, तर ती गाडी एसीशिवायच आपल्या मर्यादेवर आहे. तिच्यावर आणखी भार टाकण्याचा विचार रेडिएटर दुरुस्त होईपर्यंत बाजूला ठेवावा. न्यूट्रलमधून ड्राइव्हमध्ये गेल्यावर फेऱ्या ५० ते १०० ने उतरणे स्वाभाविक आहे. त्या १५०-२०० ने उतरत असतील तर इंजिनाचे आरोग्य, इग्निशनचे टायमिंग, मिश्रण किंवा कुठेतरी होणारी हवेची गळती यांकडे आधी पाहावे. टायमिंग मागे पडलेले असले की आयडलिंगला पेट्रोल उशिरा जळते आणि उष्णता एक्झॉस्टच्या मार्गांतून थेट पाण्यात जाते. अनेक तापणाऱ्या गाड्या नुसत्या टायमिंगने आणि निर्वातानुसार टायमिंग पुढे नेणाऱ्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा फाटलेला पडदा बदलल्याने शांत होतात.

थंडाव्याच्या कामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक वस्तू म्हणजे पंख्याभोवतीचे आवरण, ज्याला आपण श्राउड म्हणतो. ते नसेल तर पंखा रेडिएटरच्या गोलाकार भागातूनच हवा ओढतो, चारही कोपरे निष्क्रिय राहतात, आणि कडेने तीच तापलेली हवा पुन्हा पुढे वळते. पात्यांची साधारण अर्धी रुंदी श्राउडच्या आत आणि अर्धी बाहेर राहील असे अंतर ठेवावे. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यातील फट बाजूंनी आणि वरून रबराच्या पट्टीने बुजवावी, नाहीतर पंखा कंडेन्सरला वळसा घालून हवा घेतो. रेडिएटर जुना असेल तर त्याच टाक्या ठेवून आतला गाभा नवा आणि दाट घालता येतो. मूळ रूप जपायचे असणाऱ्यांनी हाच मार्ग घ्यावा. रेडिएटरच्या झाकणाचा दाब मात्र विचार न करता वाढवू नये. एक बार दाबाखाली साधे पाणी सुमारे १२० अंशांना उकळते हे खरे, पण पूर्वी पाव ते अर्धा बार झाकणासाठी घडवलेला हीटरचा गाभा आणि डाग दिलेले सांधे तो दाब सोसतीलच असे नाही. शिवाय झाकण उकळणे पुढे ढकलते, उष्णता बाहेर टाकत नाही.

विजेचा पंखा लावावा का, हा प्रश्न नेहमी येतो. माझे मत असे की इंजिनावरचा मूळ पंखा, चांगला श्राउड आणि शक्य असल्यास तापमानावर चालणारा फॅन क्लच हा पाया ठेवावा, आणि कंडेन्सरच्या पुढे एक विजेचा पंखा साहाय्याला द्यावा, जो कॉम्प्रेसर चालू असताना किंवा दाब चढल्यावर सुरू होईल. उभ्या गाडीत इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून नसलेली हवा मिळते, आणि वर सांगितलेली साखळी तिथेच तुटते. हा पंखा पुढे बसवला तर हवा मागे ढकलणारा असावा, त्याची दिशा जोडणीनंतर हाताने तपासावी. उलटा फिरणारा पंखा गाडी चालू असताना वाऱ्याशी भांडतो आणि एसी नसतानाही गाडी तापते.

आता ट्रान्समिशन ऑइल. ते साधारण ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान असावे. त्याच्या वर दर दहा-अकरा अंशांना ऑइलचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ नियम या कामातली माणसे वापरतात, आणि १२० अंशांच्या आसपास ऑइलचा चिकट थर व्हॉल्व्हवर बसू लागतो, सील कडक होतात. रेडिएटरच्या टाकीतला कूलर ऑइलला पाण्यापेक्षा थंड करू शकत नाही, त्यामुळे एसीमुळे पाणी दहा अंशांनी चढले की ऑइलही चढणारच. म्हणून वेगळा ऑइल कूलर जोडणे हा एसीच्या कामाचाच भाग समजावा. ऑइल आधी रेडिएटरच्या टाकीतून आणि मग वेगळ्या कूलरमधून जाऊन गिअरबॉक्सकडे परतेल, असा क्रम ठेवावा. त्यामुळे शेवटचा थंडावा मोकळ्या हवेचा मिळतो. जागा निवडताना सवयीने तो कंडेन्सरच्या मधोमध पुढे टांगला जातो, ते टाळावे, कारण तिथे तो कंडेन्सरची हवा तापवतो. कडेला, बंपरच्या खाली किंवा स्वतःचा छोटा पंखा देऊन गाडीखाली दगड लागणार नाहीत अशा ठिकाणी तो बसवावा. नळ्या पोलादी असाव्यात, जिथे लवचीक नळी लागते तिथे ऑइलसाठीचीच नळी वापरावी आणि तिच्या टोकाला पोलादी नळीवर उंचवटा काढून क्लिप आवळावी. बोर्ग-वॉर्नर ३५ सारख्या गिअरबॉक्सच्या काही लहान गाड्यांतील आवृत्त्यांना ऑइल कूलर नव्हताच, कन्व्हर्टरच्या आवरणातून खेळणाऱ्या हवेवर त्यांचे भागत असे. अशा गाडीला एसी द्यायचा असेल तर कूलरची सोय असलेली आवृत्ती मिळवणे हे पहिले काम ठरते.

कूलर जोडल्यावर ऑइलचे एकूण प्रमाण वाढते, म्हणून पातळी पुन्हा पाहावी, आणि ती ऑइल गरम असताना, इंजिन चालू ठेवून, निर्मात्याने सांगितलेल्या गिअरमध्येच पाहावी. क्रायसलरच्या गाड्यांत ती न्यूट्रलमध्ये पाहतात, जनरल मोटर्स आणि फोर्डच्या बहुतेक गाड्यांत पार्कमध्ये. ऑइलचा प्रकारही गाडीच्या पुस्तिकेनुसारच असावा. जुन्या फोर्ड गिअरबॉक्ससाठीचे टाइप-एफ आणि डेक्सरॉन या दोन ऑइलांची घर्षणाची वागणूक वेगळी असते.

आयडलिंगचा विषय मी सर्वांत नाजूक मानतो. एसी लावल्यावर इंजिन बंद पडते म्हणून आयडलिंगचा स्क्रू आवळून फेऱ्या कायमच्या वाढवणे हा जवळपास सगळीकडे दिसणारा उपाय आहे, आणि ऑटोमॅटिक गाडीत तो घातक आहे. फेऱ्या वाढल्या की कन्व्हर्टरचा ओढा वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६५० च्या ९०० केल्या तर गाडीची पुढे सरकण्याची ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि उष्णता त्याहूनही अधिक, अडीच पटींवर जाते. न्यूट्रलमधून ड्राइव्हमध्ये टाकताना धक्का बसतो, प्रत्येक वेळी गिअरबॉक्समधले क्लच, बँड (गिअर पकडणारे पट्टे) आणि मागचा डिफरन्शिअल तो धक्का सोसतात, आणि चावी बंद केल्यावरही इंजिन गुदमरत फिरत राहण्याची खोड लागते. योग्य उपाय असा की मूळ आयडलिंग जसे आहे तसे ठेवावे आणि कॉम्प्रेसरचा क्लच जेव्हा जोडला जातो तेवढ्यापुरताच थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, किंचित उघडी ठेवणारा सोलेनॉइड (विजेने दांडा सरकवणारे उपकरण) किंवा व्हॅक्यूमवर चालणारा छोटा ॲक्च्युएटर कार्ब्युरेटरवर लावावा. त्याचे समायोजन एसी चालू ठेवून, चाके अडवून, गिअर ड्राइव्हमध्ये असतानाच करावे, आणि एसी नसताना ड्राइव्हमध्ये ज्या फेऱ्या असतात त्याच, किंवा फार तर पन्नास अधिक, एसी चालू असताना याव्यात. हे सोलेनॉइड बहुधा थ्रॉटल स्वतः उघडण्याइतके बलवान नसतात, उघडलेला थ्रॉटल धरून ठेवण्यापुरतेच असतात. त्यामुळे जोडल्यावर काही होत नाही असे वाटले तर ॲक्सिलरेटर एकदा हलका दाबून सोडावा आणि मग सोलेनॉइडचा दांडा पुढे आला आहे का ते पाहावे.

इथे गिअरबॉक्सची जात पाहणे आवश्यक असते, कारण थ्रॉटलची माहिती गिअरबॉक्सला कशी कळते यावर पुढचे सगळे ठरते. क्रायसलरच्या टॉर्कफ्लाइटमध्ये कार्ब्युरेटरपासून एक सळई गिअरबॉक्सच्या थ्रॉटल व्हॉल्व्हला जाते आणि आतला लाइन प्रेशर, म्हणजे क्लच आवळून धरणारा ऑइलचा दाब, तीवर ठरतो. एसीच्या कंसासाठी (कॉम्प्रेसर धरणाऱ्या ब्रॅकेटसाठी) किंवा सोलेनॉइडसाठी ही सळई वाकवली, तिची जागा सरकवली किंवा तात्पुरती काढून ठेवली, तर दाब कमी पडून क्लच घसरतात, आणि अशी गाडी थोड्याच अंतरात गिअरबॉक्स जाळते. केबल असलेल्या गिअरबॉक्सचेही तसेच आहे. म्हणून कार्ब्युरेटरजवळ काहीही नवे बसवल्यावर, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून थ्रॉटल पूर्ण उघडतो आणि त्याच क्षणी गिअरबॉक्सकडची सळई किंवा केबलही आपल्या अंतिम जागेवर पोहोचते, हे एकाने आत बसून आणि दुसऱ्याने बॉनेटखाली पाहून पडताळावे.

जनरल मोटर्सचे टर्बो हायड्रामॅटिक ३५० आणि ४००, तसेच फोर्डचे सी-४ आणि सी-६ यांत ही माहिती मॅनिफोल्डमधील निर्वातातून व्हॅक्यूम मॉड्युलेटर या पडद्याच्या छोट्या डबीद्वारे मिळते. कॉम्प्रेसरचा भार आला की आयडलिंगला निर्वात उतरतो, मॉड्युलेटरला वाटते की चालकाने ॲक्सिलरेटर दाबला, आणि लाइन प्रेशर चढतो. ड्राइव्हमध्ये टाकताना बसणारा जादा धक्का पुष्कळदा यातूनच येतो, आणि तो सोलेनॉइडच्या योग्य समायोजनाने बराच कमी होतो. दुसरा धोका अधिक छुपा आहे. एसीच्या झडपा निर्वातावर चालणाऱ्या असतील तर बसवणारा माणूस जवळची सोयीची नळी म्हणून मॉड्युलेटरच्याच नळीत टी-जोड घालतो. पुढे डॅशबोर्डमागे कुठे बारीक गळती झाली की गिअर उशिरा आणि कडक बदलू लागतात आणि मालक गिअरबॉक्स उघडायला निघतो. एसीसाठीचा निर्वात मॅनिफोल्डवरील स्वतंत्र तोंडातून, एकदिशा झडप आणि छोटी टाकी देऊन घ्यावा; मॉड्युलेटरच्या नळीला हात लावू नये. या कामाच्या निमित्ताने ती जुनी नळी बदलावी, आणि काढल्यावर तिच्या आत लाल ऑइल दिसले तर मॉड्युलेटरचा पडदा फाटलेला आहे असे समजून तोही बदलावा.

एका गोष्टीचा मात्र ऑटोमॅटिक गाडीत फायदाच होतो. ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर तळाशी दाबल्यावर किकडाउनचा, म्हणजे खालचा गिअर पाडणारा, स्विच काम करतो. टर्बो हायड्रामॅटिक ४०० मध्ये हा स्विच विजेचाच असतो. त्याच विजेवर एक रिले लावून तेवढ्या वेळापुरता कॉम्प्रेसरचा क्लच सोडवता येतो. इंजिनाला पूर्ण ताकद मिळते, कॉम्प्रेसर अतिवेगापासून वाचतो, आणि केबिनमधल्या माणसाला काही सेकंदांचा खंड जाणवतही नाही.

कॉम्प्रेसर निवडताना आडव्या अक्षाचे, पाच पिस्टनचे, सँडेन पद्धतीचे लहान कॉम्प्रेसर घ्यावेत. जुने दोन सिलिंडरचे उभे कॉम्प्रेसर प्रत्येक फेरीत मोठा झटका देतात, आणि ऑटोमॅटिक गाडीच्या मंद आयडलिंगला तो झटका स्टिअरिंगपर्यंत पोहोचतो. पाच पिस्टनमध्ये हा भार वाटला जातो. सेदान आकाराच्या बहुतेक गाड्यांना १३८ घनसेंटिमीटरचा सँडेन ५०८ पुरतो. लहान केबिन आणि लहान इंजिन असेल तर १०८ घनसेंटिमीटरचा ५०७ घ्यावा, कारण मोठा कॉम्प्रेसर लहान इंजिनाला आयडलिंगला जड जातो आणि त्याचा जादा थंडावा वापरलाही जात नाही. कंस जाड पट्टीचा, इंजिनाच्या ब्लॉकला किमान तीन ठिकाणी बांधलेला असावा, आणि त्याचा कोणताही भाग केवळ कार्ब्युरेटरच्या किंवा पाण्याच्या पंपाच्या एकाच बोल्टवर लटकू नये. पुल्यांच्या खाचा एका रेषेत आल्या पाहिजेत. सरळ पट्टी लावून पाहिल्यावर दीड मिलिमीटरहून अधिक फरक दिसला तर वॉशर घालून तो काढावा, पट्टा घासून नंतर बसेल या आशेवर सोडू नये. कॉम्प्रेसरची तोंडे वरच्या बाजूला किंवा फार तर आडवी राहतील असा तो बसवावा, खाली वळलेल्या तोंडांत ऑइल साचते.

पॅकार्ड या अमेरिकी कंपनीने १९४० च्या मॉडेलला जो एसी दिला त्यात कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी नको असेल तर इंजिन थांबवून पट्टा उतरवावा लागे, आणि थंडाव्याचा भाग डिकीत होता. नॅश या दुसऱ्या कंपनीने १९५४ मध्ये सगळी यंत्रणा पुढे, बॉनेट आणि डॅशबोर्ड यांच्यात आणली, आणि आज आपण बसवतो ते संच त्याच मांडणीचे वारस आहेत. विजेच्या मोटरवर चालणारे १२ व्होल्टचे कॉम्प्रेसर बसवून इंजिनाचा भार टाळावा, अशी सूचना अधूनमधून ऐकू येते. एक किलोवॅट विजेला १२ व्होल्टवर ८० अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो, आणि तो अखेर अल्टरनेटरच्या पट्ट्यातून इंजिनाकडूनच येतो, वाटेतल्या तोट्यांसह. जुन्या गाडीत मी तो मार्ग सुचवणार नाही.

विजेचा हिशेब तरीही करावाच लागतो. ब्लोअर १५ अँपिअरपर्यंत, विजेचा पंखा २० च्या आसपास, कॉम्प्रेसरचा क्लच ४, अधिक दिवे, वायपर आणि इग्निशन मिळून एकूण ६० च्या घरात जाते. जुना डायनॅमो पूर्ण वेगात वीस-तीस अँपिअर देतो आणि आयडलिंगला जवळपास काहीच नाही. म्हणून ९० ते १०० अँपिअरचा अल्टरनेटर घ्यावा आणि आयडलिंगला तो किती देतो हे विकत घेण्याआधी विचारावे, कारण नावावरचा आकडा उच्च फेऱ्यांचा असतो. सहा व्होल्टची किंवा धन अर्थिंगची (बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेली) गाडी असेल तर ते बदल एसीच्या आधी पूर्ण करावेत. ज्या गाड्यांत डॅशबोर्डवरच्या ॲमीटरमधून सगळा प्रवाह जातो, तिथे हा वाढीव भार त्या जुन्या तारांतून कधीही नेऊ नये; सांधे तापतात आणि आग लागते. नव्या भारांना अल्टरनेटरपासून स्वतंत्र जाड तार, फ्यूज आणि रिले द्यावेत. कॉम्प्रेसरच्या क्लचचा पुरवठा असा घ्यावा की स्टार्टर फिरत असताना तो आपोआप तुटेल.

केबिनच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. हीटरची पाण्याची झडप पूर्ण बंद होत नसेल तर उत्तम एसीही कोमट हवा देतो, म्हणून नळीत नवी झडप घालावी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा बोगदा एक्झॉस्टच्या शेजारी असतो आणि साध्या गिअरबॉक्सपेक्षा अधिक तापतो. गालिचा काढून बोगद्यावर आणि फायरवॉलवर उष्णतारोधक थर द्यावा, दारांची रबरे बदलावीत आणि गिअरच्या दांड्याभोवतीची भोके बुजवावीत. इव्हॅपोरेटरचे, म्हणजे केबिनची हवा थंड करणाऱ्या गाभ्याचे, पाणी बाहेर नेणारी नळी उताराने जावी आणि तिचे तोंड एक्झॉस्टवर किंवा गिअरबॉक्सच्या सांध्यांवर येऊ नये. गाडीखाली डबके दिसले की ते पाणी आहे की लाल, तेलकट ऑइल, हे पहिल्याच दृष्टीला कळले पाहिजे.

वायूविषयी आता फारसा पर्याय उरलेला नाही. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर आर-१२ या जुन्या एसीतल्या वायूचे उत्पादन विकसित देशांत १९९५ अखेर आणि इतरत्र २०१० पर्यंत थांबले. नवी यंत्रणा आर-१३४ए साठीच घडवावी. तिला समांतर प्रवाहाचा कंडेन्सर, आतून रोधक थर असलेल्या नळ्या आणि पीएजी किंवा एस्टर हे कृत्रिम कॉम्प्रेसर ऑइल लागते. आर-१२ बरोबर चालणारे खनिज तेल या वायूत मिसळत नाही, ते कोपऱ्यात साचते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. पीएजी ऑइल हवेतला ओलावा झपाट्याने शोषते, त्यामुळे डबा उघडा ठेवू नये आणि ड्रायरची (ओलावा शोषणाऱ्या डब्याची) बुचे अगदी शेवटी, निर्वात करण्याच्या लगेच आधी काढावीत. गळतीची तपासणी कोरड्या नायट्रोजनने करावी. दाबाची हवा ओलावा आणते आणि ऑक्सिजनने स्फोट होऊ शकतो. त्यानंतर निर्वात पंप किमान पाऊण तास चालवून, पंप बंद केल्यावर काटा हलत नाही हे पाहून, वायू वजन करूनच भरावा. ज्वलनशील वायूंची मिश्रणे स्वस्त म्हणून घेऊ नयेत, इव्हॅपोरेटर माणसांच्या पायांपाशी असतो. यंत्रणेत कमी आणि जास्त दाबाला क्लच सोडवणारा स्विच नसेल तर तो बसवल्याशिवाय गाडी घेऊन जाऊ नये.

मूळ रूप जपण्याची चिंता योग्य आहे. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फीवाच्या, ट्युरिन सनदेने बदल शक्यतो परत फिरवता येण्याजोगे असावेत हे तत्त्व पुढे ठेवले आहे, आणि एसीच्या बाबतीत ते पाळणे अवघड नाही. डॅशबोर्ड न कापता त्याखाली टांगलेले युनिट घ्यावे, कंस असलेल्या भोकांवरच बांधावे, काढलेला प्रत्येक मूळ भाग नाव लिहून ठेवावा.

काम संपल्यावर सुरुवातीचीच चाचणी पुन्हा करावी: उष्ण दिवस, गाडी उभी, एसी पूर्ण, गिअर ड्राइव्हमध्ये, वीस मिनिटे. पाणी स्थिर राहावे, ट्रान्समिशन ऑइल शंभर अंशांच्या आत असावे, उच्च दाब स्थिर राहून सतत चढत नसावा, आणि फेऱ्या आधीच्या नोंदीशी जुळाव्यात. लांब सिग्नलला गिअर न्यूट्रलमध्ये टाकण्याची सवय ठेवावी. कन्व्हर्टरचा भार निघून जातो आणि पंखा व पाण्याचा पंप वेग घेतात. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर पट्ट्याचा ताण आणि कंसाचे बोल्ट पुन्हा पाहावेत, आणि ट्रान्समिशन ऑइलचा एक थेंब पांढऱ्या कागदावर घ्यावा. तो लाल आणि स्वच्छ असेल तर काम नीट झाले आहे. तो तपकिरी झाला असेल किंवा त्याला करपल्याचा वास येत असेल, तर एसीचा क्लच विजेपासून तोडून ठेवावा आणि ऑइल कूलरमधून प्रवाह खरोखर होतो आहे का, हे सर्वांत आधी तपासावे.